गोठ्यातला कायदा आणि आपल्या ओट्यावरचं दूध

मैत्रिणींनो, गवळीदादांनी भांड्यात ओतलेलं दूध दाट की पाणचट, हे आपण लगेच ओळखतो. पण ज्या गाईचं ते दूध, तिला कालवड असताना ब्रुसेलोसिसची लस टोचली होती का, हे कधी विचारलंय?

ब्रुसेलोसिस हा गाईम्हशींचा संसर्गजन्य रोग. भरत आलेली गाय अचानक गाभडते, वार अडकते. पुढे मात्र ती वरकरणी धडधाकट दिसते, दूधही देते आणि त्या दुधातून जंतू बाहेर पडत राहतात. असं निरसं दूध पोटात गेलं की माणसालाही लागण होते. ताप येतो नि जातो, रात्री दरदरून घाम सुटतो, सांधे आणि कंबर धरते. संधिवात समजून महिने निघून जातात. गरोदर बाईला तर गर्भपाताचा धोका! माणसांसाठी याची लस नाही. औषधं सहा आठवडे तरी घ्यावी लागतात.

म्हणूनच २००९ साली केंद्र सरकारने प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी कायदा केला. रोगाची शंका येताच मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं, जनावर वेगळं बांधायचं, बाजारात न्यायचं नाही. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांना ही लस फुकट टोचतात. जन्मात एकदाच! जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो. त्यावर लसीची नोंद होते.

कायदा चांगलाच आहे, पण तो चालतो कळवण्यावर. आणि गाय गाभडल्याचं कळलं तर गिऱ्हाईकं तुटतील, या धास्तीने गवळी गप्प बसतो. त्यात सगळ्यांत आधी भरडली जाते त्याची बायको. व्यालेल्या गाईची वार उघड्या हातांनी उचलणारी बहुधा तीच असते ना! तेव्हा खरं सांगणाऱ्याचा रतीब तडकाफडकी तोडू नका. डॉक्टरांना दाखवायला सांगा, त्या गाईचं दूध वेगळं ठेवायला लावा.

आपल्या हाती आहे ते एवढं:

● रतिबाचं दूध खळखळून उकळू द्या, मधूनमधून ढवळा. नुसती साय धरली म्हणजे झालं, असं नाही.

● धारोष्ण दूध मुलांना देऊ नका. पंचामृतालाही तापवून गार केलेलंच दूध घ्या.

● निरशा दुधाला विरजण लावू नका. दही आंबलं तरी जंतू मरतील याचा भरवसा नाही.

● चिकाचा खरवस मधोमध शिजेपर्यंत वाफवा.

● गोठ्यात हात घालणाऱ्या बाईला रबरी हातमोजे घ्यायला सांगा. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी.

● ताप हटत नसेल, तर निरसं दूध प्यायलं होतं किंवा गोठ्यात काम केलं होतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

उद्या दूध घेताना गवळीदादांना सहज विचाराच, "यंदाच्या कालवडींना लस टोचली का हो?" चार घरांतून हाच प्रश्न आला, की पाचव्या दिवशी ते स्वतःच पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरतील.