‘प्लॉट’ एक, अर्थ अनेक

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात ‘प्लॉट’ म्हणजे कारखान्याची जागा. मराठीत मात्र संदर्भानुसार या इंग्रजी शब्दाचे प्रतिशब्द बदलतात.

■ जमीन : भूखंड. हाच मूळ अर्थ. जबलपूरमध्येच १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयासारख्या ठिकाणी पिकांच्या चाचणीचे ‘प्लॉट’ असतात. ते प्रयोगक्षेत्र किंवा वाफे.

■ कथा-नाटक : कथानक, संविधानक.

■ राजकारण : कट, कारस्थान. लंडनमधला १६०५ सालचा ‘गनपावडर प्लॉट’ म्हणजे राजा पहिला जेम्स याच्यासह संसद सुरुंगाने उडवण्याचा फसलेला कट.

■ गणित : आलेख, क्रियापद म्हणून आलेखावर बिंदू मांडणे.

भाषांतर करताना आधी संदर्भ पाहा, मगच प्रतिशब्द निवडा.