दोन निबंध, तीन तास

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. २०१२ पासून सामान्य अध्ययनाचे पेपर बहुपर्यायी होते. चार पर्यायांतला एक गोल काळा केला की प्रश्न संपला. आता नऊ पेपर हाताने लिहायचे आहेत, आणि त्यांत २५० गुणांचा निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे. हा बदल आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केला, तेव्हा तो २०२३ पासूनच लागू व्हायचा होता. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने तो दोन वर्षं पुढे ढकलला. मुलांची मागणी रास्त होती. वर्षानुवर्षं गोल काळे केलेल्या हाताला सलग तीन तास लिहिण्याची सवय राहत नाही, आणि ती आठवड्याभरात येतही नाही.

सवलतीचा तो काळ संपला. पण निबंधासाठी अजूनही जी तयारी चालते, तिच्यातली बरीचशी चुकीच्या वाटेने चालली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुविचारांच्या वह्या भरल्या जातात. 'कुठल्याही विषयाला चालेल' अशी सुरुवात पाठ केली जाते. शेवटासाठी दोन-चार ओळी राखून ठेवल्या जातात. मधला मजकूर मात्र ऐनवेळी सुचेल यावर सोडलेला असतो, आणि गुण तर त्या मधल्या मजकुरालाच असतात.

राज्यसेवेचा नवा आराखडा बराचसा संघ लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर आहे. तिथे निबंधाचा पेपर १९९३ मध्ये आला. पुढची वीस वर्षं उमेदवाराने तीन तासांत एकच निबंध लिहायचा असे. २०१४ पासून दोन लिहावे लागतात: 'अ' आणि 'ब' असे दोन विभाग, प्रत्येकात चार विषय, प्रत्येक विभागातून एक निवडायचा. निबंध साधारण १००० ते १२०० शब्दांचा, १२५ गुणांचा. आयोगाने या पेपरसाठी जो अभ्यासक्रम छापला आहे, तो इन मिन चार ओळींचा आहे, आणि तो फार थोडे उमेदवार नीट वाचतात. विषय धरून राहा, विचार क्रमाने लावा, थोडक्यात लिहा. नेमक्या आणि परिणामकारक मांडणीला गुण मिळतील, एवढंच त्यात म्हटलं आहे. अलंकारिक भाषेचा किंवा थोरामोठ्यांच्या वचनांचा तिथे उल्लेखसुद्धा नाही.

आपली अडचण शाळेपासून सुरू होते. वर्णनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनात्मक, वैचारिक हे निबंधाचे प्रकार आपण पाठ करतो. पण वर्गात रमतो ते नदीच्या मनोगतात आणि पाऊस पडलाच नाही तर काय होईल या कल्पनेत. त्यात वाईट काहीच नाही, भाषेला वळण लागतं. वैचारिक निबंध मात्र 'फायदे', 'तोटे' आणि 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' एवढ्यावर उरकला जातो. दहा-बारा वर्षं मराठी लिहूनही मुलाला कुणी विचारलेलं नसतं की बाबा रे, तुझं म्हणणं काय?

आणि हे त्या भाषेत घडतं, जिथे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षं चालवली. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ चा. ही माणसं एक बाजू घेऊन उभी राहत आणि ती शेवटपर्यंत लढवत. चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर केलेली टीका आज अनेकांना अन्यायाची वाटते, मलाही वाटते. पण त्यांच्याशी भांडता येतं, कारण ते काय म्हणतात हे स्पष्ट कळतं. परीक्षेतला निबंधसुद्धा असा हवा, की परीक्षकाला त्याच्याशी असहमत होता आलं पाहिजे.

तयार साच्याचं काय होतं याचा सर्वांत मोठा दाखला चीनचा आहे. तिथल्या शाही नोकरभरतीच्या परीक्षेत कित्येक शतकं आठ ठरीव भागांचा निबंध लिहावा लागे. कुठल्या भागात काय यावं, वाक्यांच्या जोड्या कशा जुळाव्यात, सगळं बांधलेलं. मुलं जुने यशस्वी निबंध घोकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणांच्या रेट्यात हा निबंध आधी रद्द झाला आणि १९०५ मध्ये ती परीक्षाच बंद पडली. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत २००५ मध्ये पंचवीस मिनिटांचा निबंध आला. एमआयटीत लेखन शिकवणाऱ्या लेस पेरेलमन यांनी लगेच दाखवून दिलं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त, आणि त्यातली माहिती चुकली तरी फारसं बिघडत नाही. तो निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये गेला. आपल्याकडे नव्याने वर्णनात्मक पेपर आणणाऱ्यांनी हे दोन्ही दाखले समोर ठेवावेत, कारण परीक्षक ज्याला गुण देतात त्याचीच तयारी मुलं करतात.

आता प्रत्यक्ष तीन तासांकडे येऊ. एका निबंधाला नव्वद मिनिटं मिळतात. त्यातली पहिली वीस मिनिटं निबंधाची एक ओळही लिहायची नाही, हा माझा आग्रह आहे, आणि इथेच सर्वांत जास्त विरोध होतो. शेजारचा भराभरा लिहू लागला की हात थांबत नाही. पण त्या वीस मिनिटांत जे ठरतं त्यावर पुढचा तासभर उभा राहतो.

या वीस मिनिटांत करायचं काय, हे एका खऱ्या विषयावर पाहू. संघ लोकसेवा आयोगाच्या २०१७ च्या पेपरात एक विषय होता: भारतातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी शेतीने उदरनिर्वाहाचं साधन होण्याची क्षमता गमावली आहे. मराठी उमेदवाराला हा घरचा विषय वाटतो, आणि धोका तिथेच आहे. विषय पाहताच तो कर्जमाफी, हमीभाव, आत्महत्या, अवकाळी पाऊस अशी यादी लिहीत सुटतो. पाच पानं भरतात, पण त्यातून म्हणणं काही उभं राहत नाही.

त्याऐवजी विषयातल्या प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारा. 'बहुसंख्य' म्हणजे कोण? १९७०-७१ मध्ये देशातल्या शेतकऱ्याकडे सरासरी २.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.०८ हेक्टरवर आली. म्हणजे बहुसंख्य शेतकरी अल्पभूधारक आहेत, आणि निबंध त्यांच्याबद्दल हवा. निर्यातीची द्राक्षं पिकवणाऱ्या बागायतदाराबद्दल नव्हे. मग पुढचा शब्द: 'गमावली'. गमावली म्हणजे पूर्वी होती, असं विषय गृहीत धरतो. होती का? १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये. दीडशे वर्षांपूर्वीही कोरडवाहू शेतकऱ्याचं पोट शेतीवर भरत नव्हतं, याचा हा लेखी पुरावा आहे.

इथे निबंधाला पहिल्यांदा कणा मिळतो. आता म्हणणं एका वाक्यात लिहिता येईल: नुसत्या कोरडवाहू शेतीने लहान शेतकऱ्याला पूर्वीही पोसलं नाही आणि आज तर जमिनीचा तुकडाच लहान झाला आहे, ज्या भागात शेतीला पाण्याची, दुधाची किंवा प्रक्रियेची जोड मिळाली, तिथेच ती टिकली. या वाक्याशी असहमत होता येतं. कुणी म्हणेल, भाव मिळाला तर जोडधंद्याची गरजच काय? शरद जोशींची शेतकरी संघटना चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच सांगत आली. हा आक्षेप निबंधात यायलाच हवा, पूर्ण ताकदीने, आणि मग त्याला उत्तर द्यायला हवं. दोन बाजू सांगून मोकळं होण्यापेक्षा हे फार वेगळं काम आहे. समोरच्याचं सर्वांत भक्कम म्हणणं मांडून आपण तरीही आपल्या जागी का उभे आहोत, हे सांगायचं असतं.

पुढे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आहे, लासलगावचा कांदा बाजार आहे, हिवरे बाजारचं पाणलोटाचं काम आहे. उमेदवाराच्या स्वतःच्या गावची दूध डेअरीसुद्धा आहे. हा शेवटचा दाखला सर्वांत कमी वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं. निबंधात लिहायला गाव पुरेसं मोठं नाही, असं या मुलांना कुणीतरी शिकवून ठेवलं आहे. परीक्षकाच्या हाती शेकडो उत्तरपुस्तिका येतात आणि त्यांत तीच वचनं आणि तेच अहवाल असतात. ज्याने सोयाबीनच्या एका एकराचा खर्च आणि उत्पन्न घरात मांडलेलं पाहिलं आहे, त्याच्याकडे कुठल्याही पुस्तकात नसलेलं साहित्य आहे.

अलीकडे विषय अमूर्त झाले आहेत. २०२२ च्या पेपरात बंदरातल्या सुरक्षित जहाजाचा विषय होता, तसाच जंगलं ही आर्थिक उत्कृष्टतेचे सर्वोत्तम नमुने आहेत, असाही. मुलं घाबरतात. रीत तीच ठेवा. जहाज म्हणजे इथे कोण, बंदर म्हणजे काय, बाहेर पडण्याची किंमत कोण मोजतं, हे विचारलं की विषय जमिनीवर येतो.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराला संघ आयोगाच्या परीक्षेत आणखी एक ओझं आहे. निबंध मराठीत लिहिता येतो, पण प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत विषय आपल्या मराठीत लिहून काढावा आणि मगच विचार सुरू करावा, नाहीतर इंग्रजी वाक्य डोक्यात घोळत राहतं आणि मराठी अवघडते. पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द कंसात द्यायची मुभा आयोगाने दिली आहे; ती संज्ञेपुरतीच वापरा.

हिशेब पाहा. वीस मिनिटं विचाराची आणि शेवटची पाच वाचून पाहण्याची काढली, तर पासष्ट मिनिटांत अकराशे शब्द, म्हणजे मिनिटाला सतरा. सरावलेल्या हाताला हे जमतं, पण मोबाइलवर टाइप करणाऱ्या हाताला जमत नाही. आपल्या पूर्वजांनाही वेगाचा हा प्रश्न पडला होता. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं काढत. आज घाईत कुणी शिरोरेषाच सोडतं. अक्षर वाचता येत असेल तर माझी हरकत नाही, पण ते परीक्षेच्या खोलीत ठरवू नका, सरावात ठरवा. आणि मराठीत विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. हजार शब्दांत म्हणणं पूर्ण झालं असेल तर बाराशेसाठी ओढाताण करू नये.

सराव दोन्ही निबंधांचा एका बैठकीत करा. सुटा निबंध बहुतेकांना बरा जमतो. दुसरा निबंध फसतो, कारण पहिल्याने दोन तास खाल्लेले असतात. नव्वद मिनिटं झाली की पहिला निबंध असेल तिथे दोन वाक्यांत मिटवून दुसरा उघडायचा, ही शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो. एक अपुरा उत्तम निबंध आणि एक घाईचा निबंध यांच्यापेक्षा दोन पुरे, नीट निबंध केव्हाही जास्त गुण देतात.

आणि लिहिलेलं कुणाला तरी वाचायला द्या. क्लासचे गुण देणारे तपासनीस आहेत, पण मी म्हणतो तो वाचक वेगळा आहे. अभ्यासिकेतला मित्र, थोरली बहीण, गावातले निवृत्त गुरुजी, कुणीही चालेल. त्यांना चुका काढायला सांगू नका. वाचून झाल्यावर वही मिटवून एकच विचारा: मी काय म्हटलंय, एका वाक्यात सांगा. त्यांना सांगता आलं नाही, तर निबंध पुन्हा लिहा. मग त्यात वचनं कितीही सुंदर असोत.

शेवटी आठवी ते दहावीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती. महिन्यातून एकदा, एका तासिकेत, ज्यावर गावात खरोखर वाद आहे असा एक विषय फळ्यावर लिहा: ग्रामसभेत कशावरून भांडण झालं, एसटीचा थांबा कुठे हवा, शाळेच्या मैदानावर बाजार भरावा का. गाइड बंद, वही उघडी. मुलांना एक बाजू घेऊ द्या, तिच्यावरचा आक्षेपही त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि तपासताना शुद्धलेखनाच्या आधी पोराचं म्हणणं वाचा. राज्यसेवेची तयारी तिथून सुरू झाली पाहिजे. पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन सुरू केली तर फार उशीर झालेला असतो.