पावसाची ओढ आणि मुळांजवळचे जिवाणू

२०२३च्या ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन होते. सोयाबीन, कापूस, तूर अशा कोरडवाहू पिकांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात पावसाचा खंड नवा नाही. त्यावर उपाय म्हणून बियाण्याला लावायच्या जिवाणू संवर्धकांकडे आशेने पाहिले जाते; मात्र त्यांच्याविषयी गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज : जिवाणू दिले की पीक पावसावाचून तगते.

वस्तुस्थिती : जिवाणू पाणी आणत नाहीत, तहानलेल्या रोपाचे वागणे बदलतात. ओल तुटू लागली की रोपात एसीसी हे संयुग वाढते आणि त्यापासून इथिलीन वायू तयार होतो. तो जास्त झाला की मुळांची वाढ खुंटते, पाने गळतात. मुळांलगतच्या काही जिवाणूंकडे एसीसी फोडणारे विकर असते. त्यामुळे इथिलीन आटोक्यात राहते आणि मुळे ओलीच्या शोधात वाढत राहतात. कॅनडातील बर्नार्ड ग्लिक यांनी सहकाऱ्यांसह १९९८मध्ये ही यंत्रणा मांडली.

काही जिवाणू चिकट शर्करायुक्त पदार्थ सोडतात. त्याने मातीचे कण मुळांभोवती धरून राहतात, ओल टिकते. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी असा स्युडोमोनास पुटिडा सूर्यफुलाच्या रोपांवर वापरून पाहिला. ताणातही रोपे सरस वाढली. खंड फारच लांबला, तर मात्र जिवाणूंचाही इलाज चालत नाही.

गैरसमज : सोयाबीनच्या संवर्धकाचे उरलेले पाकीट हरभऱ्याला चालते.

वस्तुस्थिती : चालत नाही. सोयाबीनच्या मुळांवर ब्रॅडीरायझोबियम गाठी करतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो. शिवाय गाठी भरपूर असल्या म्हणजे पीक ताण सोसेलच असे नाही. सोयाबीन कोमेजलेले दिसण्याआधीच गाठींतले नत्र स्थिरीकरण मंदावू लागते. रोप हलक्या हाताने उपटून गाठ नखाने चिरावी : आत गुलाबी-लाल दिसली तर ती कामावर आहे, हिरवट किंवा करडी असेल तर काम थांबलेले.

गैरसमज : लोणार सरोवरातले चिवट सूक्ष्मजीव शेतातही चिवट ठरतील.

वस्तुस्थिती : सरोवराच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास, वर खारटपणा. जून २०२०मध्ये ते पाणी गुलाबी झाले, ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीनुसार हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. ते तर जिवाणूंच्या कुळातलेही नाहीत. भरपूर मिठावाचून न जगणारे हे जीव सोयाबीनच्या रानात टिकणार नाहीत.

गैरसमज : बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवून बियाण्याला लावले की काम उरकते.

वस्तुस्थिती : अनेक बुरशीनाशकांनी जिवाणूही मरतात. म्हणून आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी, पेरणीच्या तोंडावर, जिवाणू. पावडर असेल तर साधारणपणे किलोला २५ ग्रॅम. सोयाबीनची साल नाजूक असते, जोरात चोळली की सुटते. बियाणे हलकेच वरखाली करावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवलेले किंवा मुदत संपलेले पाकीट घेऊ नये. चार तासे बिनप्रक्रियेची सोडली, तर खंडाच्या काळात आपल्याच रानात फरक पडताळता येतो.