कार्बनच्या नळ्यांचें उभें पीक

वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूर हें कापसाच्या मुलखांतील गांव. सरकी काढलेली रुई कितीही लांब तंतूची असली, तरी ती पिंजून, तंतु एका दिशेस लावून पेळू केल्यावांचून चांगलें सूत निघत नाहीं, हें तेथें कोणास शिकवावें लागत नाहीं. गुंत्यांत तंतूचें बळ वांया जातें. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न रसायनशाळेंत उभा राहिला. तंतु मात्र कार्बनचा होता.

१९९१ सालीं जपानांत सुमिओ इजिमा यांनीं कार्बनच्या ज्या सूक्ष्म नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्या केसाहून हजारों पटींनीं बारीक असतात. पोलादाहून बळकट अशा या नळ्या काजळीसारख्या खरडून घेतल्या तर हातीं गुंताच येतो. आणि त्या विंचरावयास फणी कोठून आणावी? तेव्हां त्या उगवतांनाच दाट ज्वारीच्या ताटांप्रमाणें सरळ उभ्या राहाव्या, असा प्रयत्न सुरू झाला.

लोखंडाचे अतिसूक्ष्म कण हें यांचें बियाणें व कार्बनयुक्त वाफ हें अन्न. तापलेल्या कणावर वाफेचें विघटन होतें, कार्बन कणांत विरतो आणि नळी होऊन बाहेर पडतो. मुंबईच्या आयआयटींत महेश्वर शरॉन व त्यांचे सहकारी यांनीं खनिज तेलापासूनच्या वायूऐवजीं चक्क देवघरांतला कापूर वापरून कार्बनचीं सूक्ष्म रूपें घडविलीं. आरतीच्या ताटावर बसणाऱ्या काजळीच्या या दूरच्या बहिणीच म्हणावयाच्या! पुढें २००३ सालीं मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनीं जपानांत कापरापासून उभ्या नळ्यांचें दाट पीक काढलें. तें मात्र भट्टींत.

भट्टी प्रथम स्वतःच्या भिंती तापविते. मायक्रोवेव्ह अथवा सूक्ष्मलहरींचें तसें नाहीं. क्वार्ट्झच्या पात्रांतून त्या आरपार जातात. कार्बन व धातूचे कण त्या शोषून घेतात आणि आंच हवी तेथेंच, कांहीं सेकंदांत लागते. परंतु स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह-पेटींत भाजी एकीकडे कढते व दुसरीकडे थंडच राहते, हा अनुभव गृहिणींस आहे. असमान आंचेवर नळ्याही असमान उगवतात.

सरळपणाचें मर्म बॉवर व सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत २००० सालीं केलेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसतें. सूक्ष्मलहरींनीं वायु इतका चेतविला कीं त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युद्भारित झळाळता वायु, झाला. त्याच्या विद्युत्-क्षेत्रांत नळ्या पृष्ठभागाशीं काटकोनांत वाढल्या. प्लाझ्मा बंद करून नुसत्या उष्णतेवर वाढ चालू ठेवतांच त्या कुरळ्या होऊं लागल्या. एक भाग सरळ व दुसरा कुरळा, अशा जोडनळ्याही त्यांनीं करून दाखविल्या.