हिवाळ्यातील खाज : कोरडेपणा की खरूज?

पूर्वीच्या आदिलाबाद, आताच्या निर्मल जिल्ह्यातील भैंसा परिसरात हिवाळ्याच्या कोरड्या हवेने त्वचेला खाज सुटते. कढत पाणी आणि साबणाचा अतिवापर यांमुळे त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता आणखी घटते. त्यामुळे कोमट पाण्याने स्नान करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी.

मात्र खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसत असेल आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असेल, तर ती खरूज असू शकते. ती सूक्ष्म किडीमुळे होते. तेलाने बरी होत नाही. परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने लक्षणे झाकली जातात, संसर्ग मात्र पसरत राहतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेणे आवश्यक आहे.