परत बोलावलेली गाडी परत येते का?

डिसेंबर २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने नव्या क्लासिक ३५० च्या सुमारे २६,३०० गाड्या परत बोलावल्या. त्या वर्षी १ सप्टेंबर ते ५ डिसेंबरच्या दरम्यान तयार झालेल्या, सिंगल चॅनल एबीएस आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाड्या होत्या. दोष होता स्विंग आर्मला जोडलेल्या एका ब्रॅकेटमध्ये. ब्रेक दाबला की चाकाबरोबर ड्रमची प्लेटही फिरू पाहते. तो जोर झेलण्याचं काम या ब्रॅकेटचं. मागच्या पेडलवर फारच दाब पडला तर ब्रॅकेट खराब होऊ शकतो, आधी विचित्र आवाज येतो आणि पुढे ब्रेकचा जोर कमी होऊ शकतो, असं कंपनीने सांगितलं होतं. म्हणजे सिग्नलपाशी किंवा गल्लीच्या वळणावर हा दोष जाणवायचं कारणच नाही. ‘माझ्या गाडीचे ब्रेक तर मस्त लागतात’ असं म्हणून रिकॉलच्या फोनकडे दुर्लक्ष करणारा मालक खोटं बोलत नसतो. पण त्याचा अनुभव रोजच्या हलक्या ब्रेकचा असतो, आणि दोष उघडा पडणार तो पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केल्यावर, जीव खाऊन दाबलेल्या ब्रेकच्या वेळी. ब्रेकचा रिकॉल इतर रिकॉलपेक्षा वेगळा धरायचा तो यासाठीच. इथे मालकाला चाचणी घेऊन खात्री करता येत नाही. करायला गेला तर तीच चाचणी अंगाशी येईल.

रिकॉलच्या बातमीत एक आकडा हमखास असतो: किती गाड्या बोलावल्या. २०१९ मध्ये पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधल्या संशयित दोषासाठी होंडाने अ‍ॅक्टिवा १२५, सीबी शाइन यांसारख्या मॉडेलच्या सुमारे ५० हजार गाड्या बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने ब्रेक लीव्हरच्या कामासाठी रे झेडआर आणि फॅसिनोच्या सुमारे ३ लाख स्कूटर बोलावल्या. त्यांपैकी आल्या किती, हा आकडा वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि माझ्या मते रिकॉलची किंमत ठरते ती त्याच आकड्यावर. आपल्याकडचा प्रवास कंपनीला बोलतं करण्याच्या दिशेने झाला. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक आचारसंहिता आणली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, दंडाची मर्यादा १ कोटी रुपयांपर्यंत गेली. हे सगळं योग्यच झालं. पण कंपनीने दोष कबूल केला म्हणून रस्त्यावरच्या एकाही गाडीचा ब्रेक सुधारत नाही.

अडतं ते पत्त्यावर. शोरूमच्या नोंदीत पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर असतो. गाडी दोन वर्षांनी भाच्याला दिली जाते, मग एजंटमार्फत दुसऱ्या तालुक्यात विकली जाते, आणि आरसीवर पहिलंच नाव राहतं. फोन वाजतो तो गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाचा. म्हणून कोणाकडून गाडी घेतली हे विसरून आरसीवरचा चॅसी नंबर घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावा. रिकॉल लागतो तो चॅसी नंबरला. मालक पहिला की तिसरा याने काही बिघडत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: मालक सर्व्हिसिंग करत नाहीत, ब्रेक ऑइल बदलत नाहीत आणि मग खापर कंपनीवर. यात तथ्य आहे, पण अमेरिकेतलं हार्ले-डेव्हिडसनचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. २००८ ते २०११ च्या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये ब्रेक निकामी होत असल्याच्या तक्रारींवरून तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये चौकशी सुरू केली. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, असं कंपनीच्या पुस्तिकेत होतंच. न बदलल्यास एबीएसच्या झडपांवर साका जमत होता. तरीही २०१८ मध्ये अमेरिकेत सुमारे पावणेदोन लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. हा निर्णय मला पटतो. हजारो लोक एकच चूक करणार हे दिसत असेल आणि त्या चुकीची शिक्षा ब्रेक जाणं ही असेल, तर ‘पुस्तिकेत लिहिलं होतं’ एवढं उत्तर पुरत नाही. दुचाकीला आधार दोन चाकांचाच. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्यांतले ब्रेकच्या दोषाने किती गेले, हा आकडा मात्र यातून निघत नाही, हेही मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो पारावर ऐकू येतो: शोरूममध्ये गाडी नेली की भलतंच बिल हातात पडतं. रिकॉलचं काम, सुटा भाग आणि मजुरी धरून, कंपनीच्या खर्चाने होतं. जॉब कार्डवर ते वेगळं लिहून घ्यावं, इतर कामांना स्पष्ट नाही म्हणावं, आणि तरी पैसे मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. जॉब कार्ड जपून ठेवावं, गाडी विकताना ते उपयोगी पडतं.

जर्मनीत संघीय मोटार प्राधिकरणाकडच्या नोंदीतून मालकाचा आजचा पत्ता काढून पत्र जातं, आणि गंभीर दोष असूनही दुरुस्ती न केल्यास गाडी रस्त्यावर आणायला मनाई होऊ शकते. आपल्याकडे पहिला भाग लगेच घ्यावा, दुसरा इतक्यात नको. पीयूसी काढताना, विम्याचं नूतनीकरण करताना, आरटीओत गाडी नावावर करताना नंबर संगणकात जातोच. तिथेच ‘रिकॉल बाकी’ अशी सूचना दिसली तर फोन नंबर बदलल्याची अडचण बरीचशी सुटेल. सक्ती मात्र घाईची ठरेल, कारण दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोराची गाडी अर्धा दिवस अडकली तर त्याची तेवढी कमाई बुडते, आणि चूक त्याची नसते. त्यासाठी मेकॅनिकने सुटा भाग घेऊन त्याच्या स्टँडवर जावं, आणि ते परवडत नाही असं म्हणणाऱ्या कंपनीने त्याची बुडालेली मजुरी भरून द्यावी.