फुकटचा गेम आणि विकतची स्किन: सशुल्क डीएलसीचे अर्थशास्त्र

सर्जापूर रोडवरच्या पीजीत राहणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. दोन हजारांचा गेम महाग वाटतो म्हणून तो सेलची वाट पाहतो. फुकट मिळालेल्या बीजीएमआयमध्ये मात्र रॉयल पास आणि बंदुकीची स्किन यांवर महिन्याला दोनशे रुपये सहज घालवतो. वर्षाकाठी हे २,४०० रुपये होतात. याला मूर्खपणा म्हणून सोडून देऊ नका. किमतीची रचनाच तशी आहे.

गेम प्रकाशित झाल्यावर वेगळा विकला जाणारा मजकूर म्हणजे डीएलसी. तो एकदा तयार झाला की आणखी एक प्रत देण्याचा सीमांत खर्च जवळपास शून्य असतो. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो कोणाकडून किती घ्यायचे, हा. सगळ्यांना एकच किंमत लावली तर कमी ऐपतीचे ग्राहक सुटतात आणि हौशी ग्राहकांकडून कमी मिळते. म्हणून मूळ गेम स्वस्त किंवा मोफत ठेवायचा आणि पुढचे हौसेवर सोडायचे. अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात.

२००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरना विकायला आले, तेव्हा खेळाडूंनी भरपूर टिंगल केली. आज तशी विक्री नित्याची आहे. पण प्रत्येक डीएलसी लुबाडणूकच असते असे मानू नका. 'विचर ३'ची २०१५-१६ मधली दोन सशुल्क विस्तार-प्रकरणे पुष्कळांना पूर्ण गेमच्या तोडीची वाटली. पुण्यात तयार झालेला 'राजी' तर एकदाच किंमत घेतो.

खरी गोम आहे ती मधल्या चलनात. बीजीएमआयमध्ये तुम्ही रुपयांनी स्किन घेत नाही. आधी यूसी घेता, मग यूसीने स्किन. यूसी ठरावीक गठ्ठ्यांत मिळतात, त्यामुळे थोडे शिल्लक राहू शकतात आणि ते 'वाया जाऊ नयेत' म्हणून पुन्हा भर घालावीशी वाटते. शिवाय आधी घातलेल्या पैशांमुळे गेम सोडवत नाही. हा बुडीत खर्चाचा सापळा.

आता मालकीचे पाहू. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातली सेवा थांबली. ज्यांनी खरेदी केली होती त्यांच्या हाती काय उरले? जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातला साठा हलवण्याची सोय मिळाली. ती कंपनीने दिलेली सवलत होती, ग्राहकाचा हक्क नव्हे. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप-दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तुम्ही विकत घेता तो वापराचा परवाना, वस्तू नाही.

अल्पवयीनांचा मुद्दा तर अधिक गुंतागुंतीचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि मोहरीबीबी खटल्यात (१९०३) प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. तरी आईच्या फोनवरून, तिच्याच यूपीआय पिनने पैसे गेले, तर करार नेमका कोणी केला?

वर्गात चर्चेसाठी: आपले गेल्या सहा महिन्यांचे यूपीआय विवरण काढा. गेमवरचे व्यवहार वेगळे लिहा आणि प्रत्येकापुढे नोंदवा की त्या पैशांत नवा खेळ मिळाला, सजावट मिळाली की केवळ वाट पाहणे टळले.